एएस७३४१ सेन्सर : वस्तू तीच, दिवा तोच, तरी आकडे दर वेळी वेगळे का?

एएस७३४१ हा उजेडातले वेगवेगळे रंग मोजणारा छोटा सेन्सर, आणि त्याच्याबद्दल हा प्रश्न थोड्याथोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा कधी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो, कधी हळदीचा नाहीतर आंब्याचा रंग मोजू बघणारा हौशी माणूस असतो. तक्रारीचा सूर साधारण एकच. "सेन्सरखाली तोच कागद आहे, कशाला हात लावलेला नाही, तरी काल ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या उजेडाला, ९,००० येत होते, आज ११,५०० येतात. आलेखात बरोबर मधोमध खाच दिसते. एक चॅनेल तर एकाच आकड्यावर अडकलाय. सेन्सर खराब निघाला का?"

बहुतेक वेळा सेन्सर धडधाकट असतो. दोष उजेडात असतो, सेटिंगमध्ये असतो, नाहीतर आकडे वाचण्याच्या पद्धतीत असतो. पण खापर फुटतं सेन्सरवर आणि लोक दुसरा मागवून बसतात. दुसराही तसाच वागतो.

आधी हा सेन्सर काय आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. याला स्पेक्ट्रोमीटर म्हणायची पद्धत पडली आहे, पण आत प्रिझम नाही की ग्रेटिंग नाही. बारीक बारीक फोटोडायोड आहेत आणि प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा फिल्टर आहे. दृश्य प्रकाशासाठी एफ१ ते एफ८ असे आठ चॅनेल : ४१५, ४४५, ४८०, ५१५, ५५५, ५९०, ६३० आणि ६८० नॅनोमीटर. शिवाय फिल्टर नसलेला क्लिअर आणि साधारण ९१० नॅनोमीटरच्या आसपासचा एनआयआर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त. फिल्टरही अरुंद नाहीत. एफ१ ची रुंदी सुमारे २६ नॅनोमीटर, एफ८ ची सुमारे ५२. त्यामुळे शेजारचे चॅनेल एकमेकांच्या हद्दीत थोडे शिरतातच. सोडियमच्या दिव्याची बारीक पिवळी रेघ या सेन्सरकडून बघायची अपेक्षा असेल तर इथेच थांबा, त्यासाठी वेगळं उपकरण लागतं.

वायरिंगचं पटकन उरकतो, कारण तिथे अडलं तर आकडेच येत नाहीत. सेन्सर आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर बोलतो. तिथे त्याचा पत्ता हेक्स ३९ (हेक्स म्हणजे १६ च्या पायाची संख्या), तो बदलता येत नाही. मूळ चिप १.८ व्होल्टची आहे. बाजारातल्या बोर्डांवर सहसा रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर असतात, तरी अर्डुइनो उनोच्या ५ व्होल्टला जोडण्याआधी तुमच्या बोर्डावर ते खरंच आहेत का ते बघा. आय-टू-सी स्कॅनरला हेक्स ३९ दिसतोय पण लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) "सेन्सर सापडला नाही" म्हणतेय, असं असेल तर त्याच तारांवर दुसरं कोण बसलंय ते शोधा. जेश्चर ओळखणारा एपीडीएस-९९६० याच पत्त्यावर असतो आणि जुना टीएसएल२५६१ सुद्धा मुळात इथेच असतो. खात्री करायची असेल तर हेक्स ९२ हे रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा, वाचा. शेवटचे दोन बिट सोडून हेक्स २४ आलं तर समोर एएस७३४१ आहे. एपीडीएस-९९६० तिथे हेक्स एबी देतो. दोन्ही हवेच असतील तर टीसीए९५४८ए हा मल्टिप्लेक्सर, म्हणजे त्यांना आळीपाळीने जोडणारी चिप, मध्ये घालावा लागतो.

आता खाचेकडे येऊ.

अॅडाफ्रूट या कंपनीची लायब्ररी सगळे चॅनेल एकदम वाचून देते, पण दहा आकडे न देता बारा देते. क्रम असा : एफ१, एफ२, एफ३, एफ४, क्लिअर, एनआयआर, मग एफ५, एफ६, एफ७, एफ८ आणि पुन्हा क्लिअर, एनआयआर. शून्यापासून मोजलं तर चौथ्या जागी क्लिअर आणि पाचव्या जागी एनआयआर असतो, एफ५ थेट सहाव्या जागी. हे न बघता पहिले आठ आकडे सलग आलेखात टाकले की ५५५ च्या जागी क्लिअरचा उंच सुळका येतो, ५९० च्या जागी एनआयआरची खाच पडते, आणि खरे ५५५, ५९० उजवीकडे सरकून लाल म्हणून मिरवतात. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात तर हे हमखास फसवतं, कारण त्यात एनआयआर जवळजवळ नसतोच. त्याहून वाईट म्हणजे अॅरे आठ किंवा दहा जागांचा घेतला तर लायब्ररी उरलेले आकडे शेजारच्या मेमरीत लिहून मोकळी होते. मग भलत्याच व्हेरिएबलची किंमत बदलते आणि उनो मध्येच रीसेट होतो. अॅरे बारा जागांचाच हवा.

बारा का? कारण चिपमध्ये एडीसी, म्हणजे उजेडाचा आकडा करणारे भाग, सहाच आहेत. आत एसमक्स नावाची एक अंतर्गत जोडणी आहे, ती आधी एफ१ ते एफ४ आणि क्लिअर-एनआयआर या सहा जणांना एडीसी देते. ते मोजून झाले की जोडणी बदलून एफ५ ते एफ८ आणि पुन्हा क्लिअर-एनआयआर. म्हणजे निळी-हिरवी बाजू आणि पिवळी-लाल बाजू एकाच क्षणी मोजलेल्या नसतात. मधल्या वेळात उजेड हलला, तर ५१५ आणि ५५५ च्या मध्ये पायरी पडते. आकड्यांचा क्रम बरोबर असूनही खाच किंवा उडी दिसत असेल, तर मेख इथे आहे.

आणि ती पकडायचं साधन चिपनेच हातात दिलंय : दोन क्लिअर. दोन्ही एकाच फोटोडायोड-समूहावरून, एकाच गेनवर (सिग्नल किती पट वाढवायचा ते सेटिंग) येतात. उजेड स्थिर असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायलाच हवेत. सीरियल मॉनिटरवर बाकी सगळं बंद करून फक्त हे दोन आकडे शेजारी शेजारी छापून बघा. समजा असं दिसलं :

पहिला क्लिअर १२,४१०, दुसरा १२,३८५
पहिला क्लिअर १२,३९५, दुसरा १२,४०२
पहिला क्लिअर १२,४०८, दुसरा १०,९५०
पहिला क्लिअर ११,२१०, दुसरा १२,३९०

पहिल्या दोन ओळी ठीक. तिसऱ्या-चौथ्या ओळीत मोजणी चालू असताना उजेड बदललाय. खिडकीबाहेर ढग आला असेल, कुणाची सावली पडली असेल, नाहीतर दिवाच लुकलुकतोय. अशी नोंद सरळ टाकून द्यायची. मी स्वतः दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असलेली नोंद ठेवत नाही. ती ठेवणं भागच असेल तर एफ५ ते एफ८ ला "पहिला क्लिअर भागिले दुसरा क्लिअर" या गुणोत्तराने गुणा. उजेड फक्त कमी-जास्त झाला असेल तर एवढ्याने काम भागतं. त्याचा रंगच बदलला असेल तर नाही भागत.

ही चाचणी एका ठिकाणी आंधळी ठरते, आणि तिथे बरेच जण फसतात. दोन्ही क्लिअर तंतोतंत सारखे आले म्हणून खूश होऊ नका. दोन्ही १८,००० असतील तर सगळंच मुसळ केरात.

कारण १८,००० ही मोजमापाची कमाल मर्यादा असू शकते. हा सेन्सर १६ बिटांचा आहे, म्हणजे ६५,५३५ पर्यंत मोजेल, असं सगळे धरून चालतात. तसं नाही. कमाल आकडा तुम्ही मोजणीच्या वेळासाठी ठेवलेल्या दोन सेटिंगवर ठरतो : (एटाइम + १) गुणिले (एस्टेप + १), आणि फार झालं तर ६५,५३५. काही लायब्रऱ्यांमध्ये एटाइम २९ आणि एस्टेप ५९९ ही जोडी आधीच भरलेली असते. ३० गुणिले ६०० म्हणजे १८,०००. याच्या वर आकडा जाणारच नाही. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तरी पातळी तेवढीच राहते, तसंच हे. क्लिअरवर फिल्टर नसल्याने बहुधा तोच आधी भरतो, मग ज्या रंगाचा उजेड जास्त तो चॅनेल. आलेखाचा माथा सपाट झालेला दिसतो आणि लोकांना वाटतं की दोन चॅनेल सारखेच आहेत.

मोजायला लागणारा वेळही याच सूत्रातून निघतो : त्याच गुणाकाराला २.७८ मायक्रोसेकंदांनी गुणा. २९ आणि ५९९ ला सुमारे ५० मिलिसेकंद. अॅडाफ्रूटच्या नमुना प्रोग्रॅममध्ये १०० आणि ९९९ असतात, त्याचे झाले सुमारे २८१ मिलिसेकंद, तेही एका फेरीचे. दोन फेऱ्या धरल्या तर एका नोंदीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. "लूपमध्ये डिले नाही तरी प्रोग्रॅम इतका हळू का?" या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. त्याच नमुन्यात गेन २५६ पट आहे. अंधाऱ्या खोलीत ठीक, पण दुपारी खिडकीपाशी नेलात की सगळे चॅनेल भरून वाहतात.

कोणता चॅनेल भरलाय ते शोधायची सोपी रीत : गेन निम्मा करा. १२८ पट असेल तर ६४ करा आणि उजेड तोच ठेवून पुन्हा मोजा. प्रत्येक आकडा साधारण निम्मा व्हायला हवा. एफ२ ६,२०० वरून ३,१०० च्या आसपास आला तर तो खरं बोलतोय. एफ५ मात्र १८,००० वरून १४,३०० वरच आला तर आधीचे १८,००० खोटे होते, उजेड खरं तर २८,००० च्या लायकीचा होता. अगदी काटेकोर निम्मे होणार नाहीत, कारण गेनच्या पायऱ्यांत थोडाफार फरक असतोच.

भरण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त लबाड आहे. उजेड तीव्र आणि गेन मोठा असेल तर आतलं अॅनालॉग सर्किट आधीच गुदमरतं, आणि आकडा मात्र कमाल मर्यादेच्या खाली, अगदी साळसूद दिसतो. यासाठी हेक्स ए३ हे स्टेटस रजिस्टर वाचा. त्यातला चौथा बिट डिजिटल मर्यादा ओलांडल्याचा, तिसरा बिट अॅनालॉग ओलांडल्याचा, शून्यापासून मोजून. प्रत्येक नोंदीबरोबर हे दोन बिट जपून ठेवायची सवय लावली तर पुढचे निम्मे वाद मिटतात.

गेन कमी-जास्त करत राहिलात की कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना होत नाही, हेही उघड आहे, पण विसरलं जातं. तुलना करायची ती गेन आणि वेळ काढून टाकलेल्या आकड्यांची : कच्चा आकडा भागिले (गेन गुणिले मिलिसेकंद). ९,००० आणि ११,५०० वाल्या तक्रारीत पुष्कळदा एवढंच निघतं की मधल्या दिवशी कुणीतरी सेटिंग बदललं होतं. हा भागाकार पूर्णांकात करू नका, फ्लोट (दशांश धरणारा प्रकार) वापरा, नाहीतर हाती शून्य येईल.

लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. स्वस्त एलईडी बल्बमध्ये हे चढउतार मोठे असतात. डोळ्याला कळत नाही, मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओत मात्र लगेच दिसतं. उजेडाचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणून मोजण्याचा वेळ १० च्या पटीत ठेवला की प्रत्येक मोजणीत पूर्ण आवर्तनं येतात आणि आकडा स्थिरावतो. वरचे ५० मिलिसेकंद या हिशोबात छान बसतात. एटाइम ५९ आणि एस्टेप ५९९ केलं तर १०० मिलिसेकंद होतात आणि कमाल आकडा ३६,००० वर जातो. मी घरातल्या उजेडासाठी हीच जोडी ठेवतो. वेग हवा म्हणून १२ मिलिसेकंद ठेवणाऱ्यांचे आकडे नाचतात, कारण एका नोंदीत दिव्याचा उंचवटा दोनदा सापडतो तर दुसरीत एकदाच. २८१ मिलिसेकंदांना फरक फारसा पडत नाही, अठ्ठावीस पूर्ण आवर्तनांपुढे उरलेला तुकडा किरकोळ असतो. चिपला लुकलुकाट ओळखताही येतो. ते फंक्शन चालवून १०० हर्ट्झ असं उत्तर आलं तर शंकाच नको. वीज गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की मात्र सकाळच्या नोंदींशी तुलना करू नका.

दिव्यावर विश्वास नसेल तर बोर्डावरचा पांढरा एलईडी वापरा. तो चिपच चालवते, आणि करंट ४ ते २५८ मिलिअँपिअरमध्ये ठरवता येतो. २५८ चा मोह टाळा. बोर्डावरच्या एलईडीला १० ते २० पुरतात. त्याहून जास्त दिलं की एलईडी तापतो, तापला की उजेड उतरतो, आणि आकडे हळूहळू घसरताना दिसतात. लावल्या लावल्या मोजू नका, थोडा वेळ स्थिरावू द्या.

या एलईडीवरून आणखी एक नेहमीची तक्रार येते : "एफ१ जवळजवळ शून्य आहे आणि एफ३ शेजाऱ्यांपेक्षा खाली आहे. हे दोन चॅनेल मेले का?" मेले नाहीत. पांढरा एलईडी म्हणजे मुळात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी आणि वर पिवळं फॉस्फर. निळा सुळका आणि पिवळा डोंगर यांच्या मध्ये, ४८० च्या जवळ, दरी असतेच. ४१५ ला तर तो उजेडच देत नाही. सेन्सर खरं तेच सांगतोय. खात्रीसाठी बोर्ड दिवसाच्या उजेडात, सावलीत धरा. एफ१ आणि एफ३ दोन्ही जिवंत होतात.

सांगलीच्या हळदीचे प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. हळदीतलं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतं, म्हणजे कामाचे चॅनेल एफ१ आणि एफ२. पांढऱ्या एलईडीत एफ१ ला उजेडच नाही, तेव्हा उरला एकटा एफ२. जांभळा एलईडी वेगळा लावल्याशिवाय या मोजमापाला अर्थ नाही. आणि जाता जाता : भेसळीतला मेटॅनिल यलो हा रंगही त्याच निळ्या-जांभळ्या भागात प्रकाश शोषतो. आठ रुंद चॅनेलांवर त्याला हळदीपासून वेगळं काढता येईल असं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये छातीठोकपणे लिहू नका, परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

उजेड आणि सेटिंग ठीक करूनही आकडे हलत असतील तर मांडणी बघा. या सेन्सरचे फिल्टर तिरप्या उजेडात दगा देतात. किरण जितका तिरपा, तितका फिल्टरचा पट्टा निळ्याकडे सरकतो. शिवाय आतले फोटोडायोड वेगवेगळ्या जागी असल्याने एका बाजूने उजेड आला की काहींना जास्त मिळतो, काहींना कमी. म्हणून वर उजेड सारखा पसरवणारा डिफ्यूझर हवा. महागातला ओपल काचेचा मिळाला तर उत्तम, नाहीतर नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या, दोन-तीन पदर ताणून सेन्सरच्या किंचित वर बसवा. चिपला चिकटवू नका. उजेड बराच कमी होईल, तेवढा गेन वाढवा.

अंतराचंही तसंच. छोट्या दिव्यापासून वस्तू २० मिलिमीटरवरून २२ वर गेली तर तिच्यावर पडणारा उजेड सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतो. हाताने धरून मोजणाऱ्यांनी आकडे का हलतात हे विचारूच नये. काळ्या पुठ्ठ्याची नळी करा, वस्तू टेकवायची कड पक्की करा. एनआयआर वापरणार असाल तर एवढं बघा की डोळ्याला काळा दिसणारा पुठ्ठा किंवा कापड एनआयआरला काळं असेलच असं नाही.

मग प्रत्येक बैठकीत तीन मोजमापं : दिवा बंद ठेवून काळोखाचं, पांढऱ्या संदर्भाचं, आणि वस्तूचं. वस्तूतून काळोख वजा, पांढऱ्यातून काळोख वजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. पांढरा संदर्भ म्हणून झेरॉक्सचा कागद बरा नाही. त्यात चकाकीसाठी घातलेलं द्रव्य असतं, ते अतिनील उजेड पिऊन निळा परत फेकतं आणि उन्हात एफ२ उगाच फुगतो. तीच टेफ्लॉन टेप बरेच पदर गुंडाळून जाड केली की स्वस्तात चांगला पांढरा मिळतो.

या वजाबाकीत उनोवाल्यांसाठी एक खड्डा आहे. चिन्हाशिवायच्या १६ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये १२ मधून १८ वजा केले तर उत्तर उणे ६ येत नाही, ६५,५३० येतं. अंधाऱ्या चॅनेलवर अचानक आकाशाला भिडणारा आकडा दिसला तर आधी हे तपासा. ईएसपी३२ या वाय-फायवाल्या बोर्डावर वजाबाकी ३२ बिटांत होते, म्हणून तिथे हे कधी दिसतं, कधी नाही. उत्तर पुन्हा १६ बिटांच्या डब्यात भरलंत की तिथेही तेच.

काही तासांनी सगळं गोठतं, शेवटचा आकडा तसाच राहतो किंवा प्रोग्रॅम पुढेच सरकत नाही, ही तक्रार वरच्या कशात बसत नाही. तो आय-टू-सीचा विषय. लायब्ररी "डेटा तयार" या बिटाची वाट बघत बसते, आणि मध्येच तार डुगडुगली की तो बिट येतच नाही. तारा आखूड करा, वेग १०० किलोहर्ट्झवर आणा, ब्रेडबोर्डऐवजी सोल्डर करा. एकाच बसवर अनेक बोर्ड असतील तर प्रत्येकाचे पुल-अप रेझिस्टर मिळून रोध फार खाली आलाय का ते मोजा. ईएसपी३२ वर वाय-फाय सुरू होताना करंटचा मोठा झटका बसतो, तेव्हा बारीक यूएसबी केबलवर व्होल्टेज कोसळतं. केबल बदलून बघणं सर्वांत स्वस्त. आणि वाट बघण्याला वेळमर्यादा घाला, ती उलटली तर सेन्सर पुन्हा सुरू करा.

इतकं करूनही एखादाच चॅनेल, प्रत्येक दिव्याखाली, प्रत्येक गेनवर शेजाऱ्यांपासून फटकून वागत असेल तर भिंगाखाली चिपच्या खिडकीवर सोल्डरिंगचा फ्लक्स किंवा बोटाचा तेलकट डाग आहे का ते बघा. तिथेही काही नसेल तर दुसरा बोर्ड लावून ताडून पाहायला हरकत नाही. फक्त त्या दोन बोर्डांचे कच्चे आकडे जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. दोन चांगले सेन्सरही एकाच उजेडात थोडे वेगळे आकडे देतात, म्हणून पांढरा आणि काळोख प्रत्येक बोर्डासाठी वेगळा मोजा आणि बोर्डाच्या पाठीवर मार्करने क्रमांक घाला.